तेरा महिने सरहद्दीपलीकडे

दरवर्षी १७ सप्टेंबरला सकाळी छत्रपती संभाजीनगरच्या सिद्धार्थ उद्यानातल्या मुक्तिसंग्राम स्मृतिस्तंभापाशी ध्वजारोहण होते. मुख्यमंत्री येतात, भाषण करतात. भाषणाचा क्रम आता आपल्याला पाठ झाला आहे: स्वामी रामानंद तीर्थांना वंदन, रझाकारांचे अत्याचार, सरदार पटेलांचा खंबीरपणा, पोलीस ॲक्शन आणि मग मराठवाड्याला दिलेल्या निधीचे आकडे. १५ ऑगस्ट १९४७ ते १७ सप्टेंबर १९४८ हे मधले तेरा महिने त्यात एका दमात उरकले जातात. खरे तर सगळे कोडे त्या तेरा महिन्यांतच आहे. हैदराबाद संस्थानात भारतात सामील होण्याची मागणी करणारी सर्वांत मोठी संघटना म्हणजे स्टेट काँग्रेस. तिचे अध्यक्ष स्वामी रामानंद तीर्थ या काळात बहुतेक तुरुंगात होते, आणि जे बाहेर होते ते संस्थानाबाहेर होते. लढा औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबादचा होता, पण तो चालत होता मुंबई, मनमाड, सोलापूर, बार्शी, उमरखेड इथून.

आपल्या मुलखाचे नेतृत्व परमुलखातून करता येते का, आणि केले तर शेवटी हाती काय लागते? हैदराबादच्या लढ्याबद्दल मराठीत पुष्कळ लिहिले गेले, पण या अंगाने फारसे नाही. युरोपात मात्र हा प्रश्न चांगला घासूनपुसून तपासलेला आहे, कारण दुसऱ्या महायुद्धात लंडन शहर परागंदा सरकारांनी भरून गेले होते. त्यातल्या पोलंडच्या सरकारची गोष्ट इथे थोडी विस्ताराने सांगावी लागेल. आपल्या गोष्टीशी ती अनपेक्षित ठिकाणी जुळते, आणि जिथे जुळत नाही तिथे अधिक काही सांगते.

त्या सरकारचे युद्धाच्या अखेरचे पंतप्रधान तोमाश आर्चिशेव्स्की. जन्म १८७७ चा, धंदा धातुकामगाराचा, विशीपासून पोलिश सोशलिस्ट पार्टीचा कार्यकर्ता. १९१८ मध्ये पोलंड स्वतंत्र होताना जी पहिली सरकारे बनली त्यांत ते मंत्री होते. पुढे जुने सहकारी पिउसुद्स्की हुकूमशाहीच्या वाटेने गेले तेव्हा हे विरोधात राहिले. जर्मनीने देश गिळल्यावर ते परदेशी गेले नाहीत, वॉर्सात भूमिगत राहून काम करत राहिले. जुलै १९४४ च्या अखेरीस, एका रात्री, तारनूफजवळच्या शेतात ब्रिटिशांचे एक डकोटा विमान चोरून उतरले. जर्मनांच्या व्ही-२ अग्निबाणाचे भूमिगतांनी मिळवलेले सुटे भाग न्यायला ते आले होते आणि त्याच फेरीत सहासष्ट वर्षांच्या आर्चिशेव्स्कींनाही इटलीमार्गे लंडनला न्यायचे होते. विमानाची चाके चिखलात रुतली. माणसांनी खाली फळ्या घालून, हातांनी माती उपसून ते कसेबसे मोकळे केले. पुढच्या काही दिवसांत वॉर्सात उठाव झाला आणि दोन महिन्यांत चिरडला गेला. नोव्हेंबर १९४४ च्या शेवटी आर्चिशेव्स्की पंतप्रधान झाले. फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टाला रूझवेल्ट, चर्चिल आणि स्टालिन यांनी पोलंडच्या सीमेचा आणि सरकारचा निकाल लावला. त्या बैठकीला पोलंडच्या सरकारातले कोणी नव्हते. ५ जुलै १९४५ ला ब्रिटन आणि अमेरिकेने लंडनच्या सरकारची मान्यता काढून वॉर्सातल्या मॉस्कोधार्जिण्या सरकारला दिली. पोलिश सैनिक मित्रराष्ट्रांच्या बाजूने इटलीपर्यंत लढले होते, पण त्यांचे सरकार एका पत्राने कागदी झाले.

त्या निर्णयाची झळ पार कोल्हापूरपर्यंत पोचली. सैबेरियाकडून इराणमार्गे आलेले सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित, बहुतेक बायका आणि मुले, १९४३ पासून कोल्हापूरजवळच्या वळिवडे इथल्या छावणीत राहत होते. शाळा, दवाखाना, चर्च, सगळे होते, आणि खर्चाचा भार लंडनच्या पोलिश सरकारवर होता. मान्यता गेल्यावर कारभार दुसऱ्या यंत्रणांकडे गेला आणि छावणीसमोर एक अवघड निवड उभी राहिली: ज्या पोलंडसाठी घर सोडले तो नकाशावर उरलेला नाही, मग परत जायचे कुठे? १९४८ पर्यंत ती पांगली. नंतर तिथे सिंधी निर्वासित आले, आज त्या जागेला गांधीनगर म्हणतात.

आता आपल्याकडे. हैदराबादचे राजकारण सरहद्दीपलीकडे गेले ते १९४७ मध्ये, असे समजणे चूक आहे. संस्थानात राजकीय सभेला परवानगीच मिळत नसे. १९२९ च्या गश्ती निशान ५३ या फतव्याने तर सभेच्या वाटेला कायमचे कुलूप लावले. म्हणून हैदराबाद राजकीय परिषदेची अधिवेशने भरली ती काकीनाडा (१९२३), मुंबई (१९२६), पुणे (१९२८) आणि अकोला (१९३१) इथे, एकही संस्थानात नाही. १९३८ मध्ये स्टेट काँग्रेस स्थापन होण्याआधीच तिच्यावर बंदी आली, ती उठायला १९४६ उजाडले. त्याच १९३८ मध्ये औरंगाबादच्या इंटरमिजिएट कॉलेजच्या वसतिगृहात मुलांनी प्रार्थनेच्या वेळी वंदे मातरम म्हणायला सुरुवात केली. त्याचे लोण उस्मानिया विद्यापीठात गेले आणि शेकडो मुले काढून टाकली गेली. नागपूर विद्यापीठाने त्यांना दारे उघडली. त्यांत पी. व्ही. नरसिंहराव होते. औरंगाबादच्या या मुलांच्या पाठीशी उभा राहिलेला तरुण शिक्षक म्हणजे गोविंदभाई श्रॉफ. वीस-पंचवीस वर्षे अशी काढल्यावर, सरहद्द ओलांडून काम करणे ही इथल्या कार्यकर्त्यांना सवयीची गोष्ट झाली होती.

७ ऑगस्ट १९४७ ला 'भारतीय संघराज्यात सामील व्हा' ही चळवळ सुरू झाली. १५ ऑगस्टला स्वामीजींना हैदराबादेत अटक झाली. पण त्यांनी आधीच व्यवस्था करून ठेवली होती. दिगंबरराव बिंदू यांच्या अध्यक्षतेखाली कृती समिती नेमली होती, तिच्यात गोविंदभाई होते. ही समिती बाहेर राहील, आतले कार्यकर्ते तुरुंग भरतील आणि ज्यांना लढायचे आहे ते सरहद्दीवरच्या कॅम्पांत जमतील, अशी ही वाटणी. दिल्ली आणि निजाम यांच्यातल्या नोव्हेंबरअखेरच्या 'जैसे थे' करारानंतर स्वामीजी सुटले, पुन्हा २६ जानेवारी १९४८ ला पकडले गेले आणि मग पोलीस ॲक्शन संपेपर्यंत आतच राहिले. म्हणजे लढ्याचा सर्वांत हिंसक आणि सर्वांत निर्णायक काळ त्यांनी गजाआड काढला. तो हाताळला समितीने, आणि समितीपेक्षाही जास्त कॅम्पप्रमुखांनी.

मराठवाड्याची सरहद्द कॅम्पांसाठी जणू आखूनच दिलेली होती. उत्तरेला चाळीसगाव आणि मनमाड. मनमाडला निजामाची मीटरगेज रेल्वे जीआयपीच्या मोठ्या मार्गाला मिळत असे, त्यामुळे औरंगाबाद-जालन्याकडून पळालेला माणूस साहजिकच तिथे उतरे. पश्चिमेला अहमदनगर जिल्ह्यात गोदावरीकाठी टोका. दक्षिणेला बार्शी, सोलापूर. पूर्वेला वऱ्हाडात पैनगंगेपलीकडे उमरखेड. गाव तेच, सोयरीक तीच, भाषा तीच, मध्ये फक्त एक नदी किंवा बांध. हद्दीपलीकडे कलदार रुपया, निजामी मुलखात हाली. हद्दीवर ठिकठिकाणी करोडगिरीची नाकी, म्हणजे निजामी जकातीची ठाणी. कॅम्पातल्या पोरांनी पहिल्यांदा मोडली ती हीच नाकी. नंतर पोलीस ठाणी, रझाकारांचे तळ, गावच्या पाटील-पटवाऱ्यांची दप्तरे. आत जंगल सत्याग्रह, शिंदीची झाडे तोडणे, लेव्हीचे धान्य न देणे, असे चालले होते. हे सगळे केवळ देशभक्तीच्या भरात होत होते असे मला वाटत नाही. जकात, लेव्ही आणि दप्तर, गावच्या माणसाला निजामी राजवट भेटायची ती या तीन रूपांतच, आणि ज्याने नाके जाळण्याचे ठरवले त्याला हे पक्के ठाऊक होते. बदनापूरजवळच्या धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके निरोप पोचवता पोचवता हातबॉम्ब टाकण्यापर्यंत गेल्या. त्यांचा राग दिल्लीत ठरत असलेल्या घटनेवरून पेटलेला नव्हता.

पैशाचा प्रश्न आला की परागंदा लढ्याचा खरा स्वभाव दिसतो. कॅम्पात शेकडो माणसे, त्यांचे जेवण, बंदुका, काडतुसे, मागे राहिलेल्या बायकामुलांची सोय. वर्गणीने किती दिवस निभणार? ३० जानेवारी १९४८ ला उमरखेड कॅम्पच्या तुकडीने पैनगंगा ओलांडून नांदेड जिल्ह्यातल्या उमरीत निजामी स्टेट बँक लुटली. उमरी हे रेल्वेवरचे कापसाच्या पेठेचे गाव. वीस लाखांहून अधिक रक्कम हाती लागली, आणि हा पैसा पुढे कॅम्पांच्या खर्चाला गेला. त्याच संध्याकाळी दिल्लीत गांधीजींची हत्या झाली. स्टेट काँग्रेस नावाने काँग्रेसचीच होती. तिने अहिंसेची चौकट केव्हा आणि कशी ओलांडली, हा वाद पुढे अनेकांनी घातला, पण त्या एका तारखेने तो जितका ठळक केला तितका कोणत्याही ठरावाने केला नाही.

इथे पोलंडची आठवण पुन्हा येते. २६ सप्टेंबर १९०८ ला बेझदानी नावाच्या लहानशा स्टेशनवर पिउसुद्स्की आणि त्यांच्या विसेक साथीदारांनी रशियाच्या झारची टपालगाडी लुटून दोन लाखांहून अधिक रूबल पळवले. त्या टोळीतले चार जण पुढे पोलंडचे पंतप्रधान झाले. आर्चिशेव्स्की त्यांतले एक. मध्ये आपला स्वतःचा दाखलाही आहे. १४ एप्रिल १९४४ ला साताऱ्याच्या प्रतिसरकारातल्या जी. डी. लाड आणि नागनाथअण्णा नायकवडी यांच्या लोकांनी धुळे जिल्ह्यात चिमठाणे इथे सरकारी खजिना अडवून साडेपाच लाख रुपये नेले. नागनाथअण्णा पुढे हैदराबादच्या लढ्याला शस्त्रे आणि माणसे घेऊन धावून आले, म्हणजे चिमठाणे ते उमरी हा सरळ धागा आहे. तिन्ही लुटींच्या कथा फार आवडीने सांगितल्या जातात, घोडे, रात्री, गोळीबार, नदी. कोणी न विचारलेला प्रश्न हा की पैसा नंतर कसा खर्च झाला. ज्या चळवळीला कर घेण्याचा अधिकार नाही आणि मदत देणारा उघड यायला तयार नाही, तिला लूट करावी लागते. आणि लूट केल्यावर ती चळवळ सरकार आहे की टोळी, हे हिशेबाच्या वहीवरून ठरते. मराठवाड्याच्या कार्यकर्त्यांनी हिशेब चोख ठेवल्याचे अभिमानाने सांगितले जाते. तो अभिमान मला पटतो, पण त्या वह्या छापून लोकांपुढे ठेवल्या तर तो अधिक पटेल.

मदत देणारा कोण, हे सगळ्यांना ठाऊक होते. मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांचे सरकार, मध्यप्रांत-वऱ्हाडात रविशंकर शुक्लांचे. या प्रांतांच्या हद्दीत सशस्त्र कॅम्प वर्षभर उभे राहिले, हे त्या सरकारांना कळल्याशिवाय झाले असे कोणी म्हणणार नाही. निजामाचे पंतप्रधान लायक अली दिल्लीकडे सरहद्दीवरच्या हल्ल्यांच्या तक्रारी करत, आणि दिल्ली रझाकारांच्या हल्ल्यांच्या. पण त्याच दिल्लीने २९ नोव्हेंबर १९४७ ला निजामाशी एक वर्षाचा जैसे थे करार केला. मनमाडला किंवा बार्शीला बसलेल्या माणसाच्या नजरेने हे पाहा: आपल्याला आसरा देणारा आपल्या शत्रूशी करार करून मोकळा झाला, हैदराबादेतली भारतीय फौजही तो काढून घेत आहे आणि तरी आपण उठून जावे असेही म्हणत नाही. चर्चिल पोलंडशी जसे वागले तसेच हे होते असे म्हणणे अन्यायाचे होईल. दिल्लीला वेळ हवा होता, चर्चिलला सुटका हवी होती. पण आसरा घेणाऱ्याचे परावलंबित्व दोन्हीकडे सारखेच.

जुनागढशी तुलना केली की हे अधिक उघड होते. तिथल्या नवाबाने पाकिस्तानात जायचे ठरवले तेव्हा २५ सप्टेंबर १९४७ ला मुंबईत माधवबागेत सामळदास गांधींच्या नेतृत्वाखाली जुनागढची आरझी हुकूमत जाहीर झाली, म्हणजे सरळ सरळ परागंदा सरकार. ते राजकोटला गेले, गावे घेऊ लागले, आणि ९ नोव्हेंबरला जुनागढ भारताच्या ताब्यात आले. त्याच मुंबईत, त्याच महिन्यांत, हैदराबादची कृती समिती बसली होती. तिने स्वतःला सरकार का म्हटले नाही?

याचे नेहमीचे उत्तर असे, की हैदराबाद जुनागढपेक्षा कितीतरी मोठे, लोकसंख्या दीड कोटीच्या वर, शिवाय वाटाघाटी सुरू होत्या. हे खरे आहे. पण दुसरे कारण मला जास्त वजनाचे वाटते. पोलंडचे सरकार लंडनला होते कारण त्याला पोलंड हे राज्य पुन्हा उभे करायचे होते. राष्ट्राध्यक्ष, मुद्रा, घटना, सगळे जपून ठेवायचे होते, आणि ते त्यांनी इतके जपले की लंडनमधल्या शेवटच्या अध्यक्षांनी, रिशार्द काचोरोव्स्की यांनी, डिसेंबर १९९० मध्ये निवडून आलेल्या लेख वावेन्सांच्या हाती ती चिन्हे सोपवली. आर्चिशेव्स्की हे पाहायला नव्हते; ते १९५५ मध्ये लंडनमध्येच वारले. हैदराबादच्या कृती समितीला मात्र राज्य परत मिळवायचे नव्हते. तिला ते विसर्जित करायचे होते. आपल्याच राज्याचा शेवट मागणाऱ्यांनी त्या राज्याचे सरकार कशासाठी बनवावे? म्हणून समितीला मंत्रिमंडळ लागले नाही, मुद्रा लागली नाही, परराष्ट्र खाते तर नाहीच. जे काम झाले ते फक्त पाडापाडीचे, आणि म्हणूनच यश आल्यावर तिच्या हाती काही उरले नाही. याच ठिकाणी साताऱ्याचे प्रतिसरकार वेगळे पडते. नाना पाटलांच्या लोकांनी गावात न्यायनिवाडा केला, लग्ने लावली, गुंडांना शिक्षा दिली. ते आतले होते, गावात राहून जबाबदारी घेत होते. कॅम्पवाला रात्री येतो, नाके जाळतो आणि पहाटेच्या आत हद्दीपलीकडे जातो. मागे राहणाऱ्या गावाला रझाकारांच्या बदल्याला तोंड द्यावे लागते.

पोलंडमध्ये लंडनच्या विरोधात लुब्लिनची कम्युनिस्ट समिती होती. इथेही डावा पेच होता, पण तो उलटा. स्वामीजी आणि गोविंदभाई स्वतः डावीकडे झुकलेले. स्वामीजी तर तरुणपणी कामगार पुढारी ना. म. जोशींबरोबर काम करून आलेले. पक्षातच बुर्गुल रामकृष्णराव यांच्यासारखे मवाळ एका बाजूला, हे दुसऱ्या बाजूला. तेलंगणात कम्युनिस्टांचा सशस्त्र लढा १९४६ पासून सुरू होता. सुरुवातीला स्टेट काँग्रेस आणि कम्युनिस्ट यांनी हात मिळवले, लवकरच ते सुटले. मे १९४८ मध्ये निजाम सरकारने कम्युनिस्ट पक्षावरची बंदी उठवली तेव्हा पेच आणखी वाढला. मराठवाड्यात कम्युनिस्टांचे बळ तेलंगणाइतके नव्हते, म्हणून हा वाद इथल्या आठवणींत कमी दिसतो. तो इथे नव्हताच असे समजू नये.

आता लिहिलेल्याकडे. या विषयावरची पुस्तके, लिहिणारा त्या तेरा महिन्यांत कुठे उभा होता, यावरून वेगवेगळी पडतात. व्ही. पी. मेनन (१९५६) दिल्लीच्या टेबलाशी होते. त्यांच्या पुस्तकात कॅम्प म्हणजे वाटाघाटींच्या मागे ऐकू येणारा एक गोंगाट आहे. कन्हैयालाल मुन्शी जानेवारी १९४८ पासून हैदराबादेत भारताचे एजंट जनरल होते. त्यांच्या पुस्तकात (१९५७) नाट्य भरपूर, आणि केंद्रस्थानी मुन्शी. लायक अलींच्या पुस्तकात (१९६२) कॅम्प म्हणजे भारताने रचलेला कट. स्वामीजींच्या आठवणी (१९६७) संयमी आहेत, इतक्या की कॅम्पांबद्दल वाचकाला अजून पाहिजे तिथे ते पुढे निघून जातात. त्यांनी तो काळ तुरुंगातून पाहिला होता, हे विसरता येत नाही. कॅम्प आतून दिसतो तो अनंत भालेरावांच्या लेखनात. उमरखेड कॅम्पशी ते जवळून जोडलेले होते, पुढे औरंगाबादच्या दैनिक 'मराठवाडा'चे संपादक. त्यांचा 'हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा' हा ग्रंथ १९८७ चा, आणि आजही या विषयावर मराठीत हात घालायचा तर सुरुवात तिथूनच करावी लागते. भालेराव आपल्या बाजूचे आहेत हे लपवत नाहीत, पण आपल्याच बाजूतले हेवेदावेही झाकत नाहीत. नरहर कुरुंदकरांनी हा लढा हिंदू विरुद्ध मुसलमान असा न वाचता सरंजामी सत्ता विरुद्ध लोकशाही असा वाचायला शिकवले. मराठवाड्याच्या दोन पिढ्यांची विचाराची दिशा त्यांनी ठरवली, हे अतिशयोक्तीने म्हणत नाही.

या मराठी परंपरेत एक पोकळी आहे आणि ती मोठी आहे. १३ सप्टेंबर १९४८ ला सोलापूरकडून जनरल चौधरींची आणि दुसरीकडून औरंगाबादच्या दिशेने फौज निघाली; हीच ती पोलीस ॲक्शन. दोन-तीन दिवसांत औरंगाबाद हाती आले, पाचव्या दिवशी निजाम शरण. त्यानंतरच्या आठवड्यांत मराठवाड्यात आणि बीदर-गुलबर्ग्याकडे मुसलमान वस्त्यांवर जे हल्ले झाले, त्यांची चौकशी करायला नेहरूंनी पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांना पाठवले. त्यांचा अंदाज २७ ते ४० हजार मृत्यूंचा. सर्वांत जास्त झळ लागलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड. सोलापूर आणि सरहद्दीपलीकडच्या गावांतून आलेल्या माणसांचा यात हात असल्याचे अहवाल सांगतो. सरकारने तो कित्येक दशके प्रसिद्ध केला नाही. ए. जी. नूराणींनी २०१३ च्या आपल्या पुस्तकात तो पूर्ण छापला, आणि सुनील पुरुषोत्तम यांच्या २०२१ च्या ग्रंथाने सरहद्दीवरची हिंसा आणि नंतरची हिंसा एका चौकटीत ठेवून पाहिली. नूराणींचा सूर मला एकांगी वाटतो. रझाकारांनी गावे जाळली, बायका पळवल्या, हे त्यांच्या पुस्तकात जेवढ्यास तेवढे येते. पण त्यांनी समोर ठेवलेल्या कागदाला उत्तर म्हणून मराठीत आलेला एकही मोठा ग्रंथ मला दाखवता येत नाही. कॅम्पातून गेलेली शस्त्रे १७ सप्टेंबरनंतर कुणाच्या हाती राहिली, हे विचारल्याशिवाय कॅम्पांचा इतिहास पुरा होत नाही. बहुतेक स्वातंत्र्यसैनिक या हल्ल्यांत नव्हते आणि काहींनी मुसलमान शेजाऱ्यांना वाचवले, हे खरे; पण मग ते खरे आहे हे जिल्ह्यानिहाय कागदपत्रांनिशी मांडायलाही हरकत नसावी. त्यासाठी हैदराबादच्या दप्तरखान्यातले उर्दू कागद वाचणारे मराठी अभ्यासक लागतील. आजच्या घडीला ते बोटांवर मोजण्याइतके आहेत.

लढा जिंकल्यावर सत्ता कोणाकडे गेली? जनरल जे. एन. चौधरी लष्करी गव्हर्नर झाले. १९५० मध्ये त्यांच्या जागी आले एम. के. वेल्लोडी, आयसीएस अधिकारी. लोकांनी निवडलेले सरकार बसायला मार्च १९५२ उजाडला. म्हणजे सरहद्दीवर तेरा महिने, आणि मुक्त झाल्यावर साडेतीन वर्षे बाहेरच. १९५२ च्या निवडणुकीनंतर मुख्यमंत्री झाले ते बुर्गुल रामकृष्णराव. कृती समितीचे अध्यक्ष दिगंबरराव बिंदू त्यांच्या मंत्रिमंडळात गृहमंत्री. गोविंदभाई काँग्रेसमधून बाहेर पडले, पुढची कित्येक वर्षे सरस्वती भुवन शिक्षण संस्था आणि मराठवाडा विकास आंदोलन यांत त्यांनी घालवली. सत्तेशी त्यांचे जमले नाही, आणि ते जमवून घ्यायचीही त्यांनी घाई केली नाही.

खरा परागंदा मंत्री दुसऱ्याच बाजूला सापडतो. लायक अली मार्च १९५० मध्ये हैदराबादेतल्या नजरकैदेतून निसटून पाकिस्तानात पोचले. त्याआधी हैदराबादने संयुक्त राष्ट्रांकडे तक्रार केली होती आणि शिष्टमंडळ पॅरिसला होते. शिष्टमंडळ तिथे असतानाच घरचे राज्य संपले. २० सप्टेंबर १९४८ ला, निजाम शरण आल्यानंतर, लंडनमधल्या हैदराबादच्या खात्यातले दहा लाख पौंड पाकिस्तानचे उच्चायुक्त रहिमतुल्ला यांच्या नावे वळवले गेले. अस्तित्वात नसलेल्या सरकारचा हा पैसा सत्तर वर्षे बँकेत व्याज खात राहिला. ऑक्टोबर २०१९ मध्ये लंडनच्या न्यायालयाने तो निजामाच्या वारसांना आणि भारत सरकारला दिला तेव्हा रक्कम साडेतीन कोटी पौंडांच्या आसपास गेली होती. पोलिश सरकारकडे मान्यता नव्हती पण चिन्हे होती. हैदराबादच्या जुन्या राजवटीकडे शेवटी फक्त एक खाते उरले.

स्वामीजींनी कोणतेही मंत्रिपद घेतले नाही. १९५२ मध्ये ते गुलबर्ग्यातून लोकसभेवर गेले आणि त्यांनी हैदराबाद राज्याच्या भाषावार त्रिभाजनाचा आग्रह धरला, ज्या राज्याच्या काँग्रेसचे ते अध्यक्ष राहिले होते तेच राज्य नकाशावरून पुसावे म्हणून. १ नोव्हेंबर १९५६ ला ते पुसले गेले. गुलबर्गा म्हैसूरकडे गेला, औरंगाबाद मुंबई राज्यात आले. १९५७ ची निवडणूक स्वामीजींनी औरंगाबादमधून लढवली आणि जिंकली.